एका गिटारीत दोन डझन गिटारी

गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, एका मंडळाच्या कार्यक्रमात, माझ्या मित्राची गिटार ऐन गाण्यात मुकी झाली. तार तुटली नव्हती, केबल नीट होती, अ‍ॅम्प्लिफायर चालू होता. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करणाऱ्याने मागचे झाकण उघडले, मीटर लावला आणि म्हणाला, ‘‘आतला बोर्ड गेलाय. हा आता मिळत नाही.’’

मित्राने पंचवीस वर्षे ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली आहे. त्याने मला विचारले, ‘‘अरे, सहाच्या सहा तारा शाबूत, लाकडाला चरा नाही, मग गिटार मेली कशी?’’

मी गिटारवादक नाही. इलेक्ट्रॉनिक्स शिकलो तो रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर. पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्याच्या मागे लागून वर्षभर जुनी पेटंटे आणि माहितीपुस्तिका वाचल्या, आणि त्याच गिटारीचे पोट उघडून पाहिले. ही गिटार ‘डिजिटल मॉडेलिंग’ जातीची होती. म्हणजे एकच वाद्य, पण बटण फिरवले की वेगवेगळ्या नामांकित गिटारींचा आवाज देणारे. अशी गिटार घ्यावी का, घेतली तर काय मिळते आणि काय गमावते, याचा हिशेब या लेखात मांडतो आहे.

साध्या इलेक्ट्रिक गिटारीला आवाज कुठून येतो?

इलेक्ट्रिक गिटारीचा उगम अमेरिकेतला. जॉर्ज बोशँप यांनी १९३१ साली चुंबक आणि तारेचे वेटोळे वापरून गिटारीचा पिकअप जमवला आणि पुढच्या वर्षी रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून तो बाजारात आला. ते पहिले वाद्य मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे होते. आपल्याकडे ज्याला हवाईयन गिटार म्हणतात, त्याच घराण्यातले. गोल पोट आणि लांब दांडा यामुळे लोकांनी त्याचे नाव ‘फ्राइंग पॅन’ पाडले. पुढे लिओ फेंडर यांची टेलिकास्टर (१९५१) व स्ट्रॅटोकास्टर (१९५४) आणि गिब्सन कंपनीची लेस पॉल (१९५२) आली. आजही जगभर याच आवाजांची नक्कल होते.

पिकअपचे काम सोपे आहे. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकक्षेत्र हलते आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज निर्माण होते. पिकअप हवेतला नाद ऐकत नाही, तो तारेची हालचाल वाचतो. म्हणून तो कुठे बसवला आहे याला फार महत्त्व आहे.

छेडलेली तार एकाच वेळी अनेक प्रकारे हलत असते: सगळी मिळून एकदा, दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत. या प्रत्येक हालचालीतून एकेक स्वनक निघतो. चार भागांत हलणाऱ्या तारेचे काही बिंदू स्थिर राहतात आणि त्यातला एक घोडीपासून बरोबर पाव लांबीवर असतो. तिथे पिकअप बसवला तर मोकळ्या तारेतला चौथा स्वनक त्याला जवळजवळ दिसतच नाही. स्ट्रॅटोकास्टरचा मानेजवळचा पिकअप साधारण याच जागी आहे. घोडीजवळचा पिकअप तीक्ष्ण आणि मानेजवळचा गोल वाजतो, त्याचे मोठे कारण ही जागा आहे.

नक्कल कशी होते?

मॉडेलिंग गिटारीत घोडीवर प्रत्येक तारेखाली स्वतंत्र पिझो संवेदक असतो. पिझो म्हणजे दाब पडला की वीज देणारा पदार्थ. स्वयंपाकघरातला खटका दाबून ठिणगी पाडणारा लायटर याच तत्त्वावर चालतो, आणि जुन्या रेकॉर्ड प्लेअरचे क्रिस्टल कार्ट्रिजही. तार घोडीला जशी खेचते, तसा संकेत मिळतो. घोडीवर तारेचे जवळजवळ सगळे स्वनक हजर असतात, त्यामुळे हा कच्चा माल भरघोस असतो. तो सहा वेगळ्या वाटांनी आतल्या संगणकीय चिपकडे जातो.

आता खरी गंमत. तारेवरून धावणारी लाट आधी पिकअपवरून जाते, घोडीवर आपटते, उलटी होऊन परत येते आणि पुन्हा पिकअपवरून जाते. म्हणजे पिकअपला मूळ लाट आणि थोड्या वेळाने तिची उलटी प्रत, असे दोन्ही मिळते. मग घोडीवरचा संकेत घेऊन त्यात त्याचीच उलटी, उशिरा येणारी प्रत मिसळली तर? नसलेला पिकअप हव्या त्या जागी ‘बसवता’ येतो.

हा उशीर किती, हे मी कागदावर काढून पाहिले. सगळ्यात जाड तार सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते. पाव लांबीवरच्या पिकअपसाठी उशीर येतो सुमारे ३ मिलिसेकंद. सगळ्यात बारीक तार ३२९.६ वेळा कंप पावते. तिच्यासाठी तोच उशीर पाऊण मिलिसेकंद. पडद्यावर बोट दाबून तार आखूड केली तरी लाटेचा वेग आणि पिकअपचे घोडीपासूनचे अंतर बदलत नाही, त्यामुळे त्या तारेचा उशीर तोच राहतो. पण तारेगणिक तो निराळा असतो. सहा तारांसाठी सहा वेगळ्या वाटा का लागतात, याचे उत्तर इथे आहे. एकदा सगळ्या तारांचा आवाज एकत्र कालवला, की हे गणित हातातून गेले.

त्यावर मग वेढ्यांचा गुणधर्म, लाकडी पोटाचा अनुनाद, आवाजाच्या बटणांचा परिणाम अशा चाळण्या बसवल्या जातात. ध्वनिक गिटारीची नक्कल करताना पोकळ पोटाची चाळणी महत्त्वाची ठरते. बारा तारांची गिटार हवी असेल तर आवाजाची उंची बदलून दुसरी प्रत जोडतात.

ही विद्या एका दिवसात उगवली नाही. केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्झांडर स्ट्राँग यांनी १९८३ साली छेडलेल्या तारेचा नाद अगदी थोड्या गणितात संगणकावर उभा करण्याची रीत प्रसिद्ध केली. पण तिथे तारही गणितातलीच होती. खरी तार ठेवून तिच्याभोवतीची गिटार तेवढी गणिताने बदलायची, हा मार्ग जपानच्या रोलँड कंपनीने १९९५ च्या ‘व्हीजी-८’ या यंत्रात बाजारात आणला. अमेरिकेच्या लाइन ६ कंपनीने २००२ च्या सुमारास ‘व्हॅरिअ‍ॅक्स’मध्ये सगळे यंत्र गिटारीच्या पोटातच घातले. त्या पहिल्या व्हॅरिअ‍ॅक्सवर चुंबकी पिकअप नव्हताच. वरचा भाग कोरा. २००७ साली फेंडर आणि रोलँड यांनी मिळून मॉडेलिंग असलेली स्ट्रॅटोकास्टर काढली. तिच्यावर नेहमीचे पिकअपही होते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

जमेची बाजू

पहिला फायदा पाठीला आणि खिशाला. मित्र पूर्वी कार्यक्रमाला तीन गिटारी नेत असे: एक इलेक्ट्रिक, एक ध्वनिक, एक बारा तारांची. गाण्याच्या मुखड्याला एक आणि मधल्या संगीताला दुसरी लागली, तर गळ्यातली काढून दुसरी अडकवायची. नव्या गिटारीने हे काम एका बटणावर आणले. गायिकेची पट्टी ऐनवेळी अर्ध्या सुराने उतरली तरी खुंट्या पिळायला नकोत.

दुसरा फायदा ज्यांनी मांडवात वाजवले त्यांनाच कळेल. एकवेढी चुंबकी पिकअप आसपासच्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट पकडतो. रोषणाई, डिमर आणि जनरेटर यांच्या सान्निध्यात तो असह्य होतो. पिझो चुंबकीय लहरींना दाद देत नाही. तसेच ध्वनिक गिटार मोठ्या आवाजात स्पीकरपुढे नेली की तिचे पोकळ पोट घुमून शिटी मारते. भरीव लाकडातली नक्कल तशी घुमत नाही.

तिसरा फायदा ऐपतीचा. १९५० च्या दशकाच्या अखेरच्या मूळ लेस पॉल आज लाखो डॉलरना विकल्या जातात. तो आवाज, निदान त्याची चांगली सावली, सामान्य वादकाच्या आवाक्यात आली. यात लाकडाचाही मुद्दा आहे. गिटारीत एकेकाळी सर्रास वापरले जाणारे ब्राझीलचे रोझवूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात कडक बंधनाखाली आहे, आणि त्याच्या जागी जगभर गेलेले मुख्य लाकूड म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारा शिसव. आवाजाचा भार लाकडावरून काढता आला तर झाडाचाही थोडा जीव वाचेल.

खर्चाची बाजू

आता उणे काय ते पाहू. बोटाला खोटे बोललेले कळते. बटणाने आवाज खाली उतरवला तरी हाताखालची तार तितकीच ताणलेली राहते. सैल तारेवर मिळणारी मींड आणि लोच तिथे नसतो. घरी हळू वाजवताना तारेचा खरा सूर कानावर येतो आणि स्पीकरमधून दुसराच. दोन्ही एकत्र आले की बेसूर वाटते. तळहाताने तार दाबून वाजवण्याची जी शैली आहे, तिथे पिझो घोडीवरची ठकठकही उचलतो.

काही वादक स्पीकरसमोर उभे राहून एकच सूर मुद्दाम घुमवत ठेवतात. स्पीकरचा नाद तारेला पुन्हा हलवतो आणि सूर टिकतो. सुराची उंची यंत्राने बदलली असेल तर स्पीकर एक सूर बोलतो आणि तार दुसरा. साखळी जुळत नाही.

उशीर हा मात्र अनेकदा वाढवून सांगितलेला दोष वाटतो. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. यंत्राने तीन मिलिसेकंद घेतले तर अ‍ॅम्प्लिफायर एक मीटर मागे सरकवल्यासारखे झाले. मंचावर वादक त्याहून दूर उभे असतात.

आणि आवाज ‘खरा’ वाटत नाही, या तक्रारीचे काय? २०१० साली इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि सहकाऱ्यांनी २१ व्हायोलिनवादकांना अंधुक प्रकाशात, डोळ्यांवर गडद चष्मे लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिने वाजवायला दिली. बहुतेकांना जुने-नवे ओळखता आले नाही, आणि सगळ्यात नावडते ठरले ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. तो प्रयोग गिटारीचा नव्हता, नकलेचाही नव्हता. पण नाव माहीत असले की कान आधीच निकाल देऊन बसतात, एवढे त्यावरून घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर असाच वाद झाला. पेटीतल्या तानपुऱ्याला मिरजेच्या कारागिराने काढलेली जवारी नाही, हे खरे. पण त्या पेटीमुळे एकट्या विद्यार्थ्याला चाळीतल्या खोलीतही पहाटे रियाज करता आला, हेही खरे. पेटी सोयीची ठरली म्हणून तानपुरा बाद झाला नाही. मैफलीत आजही तो मागे दिसतोच. मॉडेलिंग गिटारीबद्दल माझे मत याच अंगाने जाते.

सगळ्यात मोठा तोटा

माझ्या मते खरा तोटा आवाजात नाही, आयुष्यात आहे. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर आज बिघडली तर काय बिघडेल? पिकअपची तार तुटेल, बटण खरखरेल, सोल्डर सुटेल. हे सगळे माझ्यासारखा माणूस टेबलावर दुरुस्त करू शकतो. वेढे पुन्हा गुंडाळता येतात.

मॉडेलिंग गिटारीच्या बोर्डावर त्या कामासाठी निवडलेली चिप असते, तिच्या स्मृतीत कंपनीने लिहिलेला प्रोग्रॅम असतो. चिपचे उत्पादन काही वर्षांत थांबते. तो प्रोग्रॅम दुसऱ्याजवळ नसतो. जोडणीसाठीचे सॉफ्टवेअर जुन्या संगणकावर चालते, नव्यावर चालेलच असे नाही. लाकूड पन्नास वर्षे टिकेल, पण त्यातला मेंदू मोबाइल फोनच्या वयाने म्हातारा होतो. वाद्य म्हणून घेतलेली वस्तू उपकरण निघते. मित्राच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे: गिटार मेली नव्हती, तिचा आवाज तिच्यात कधी नव्हताच, तो बोर्डात होता.

म्हणून विचारणाऱ्याला मी आता तीन गोष्टी सांगतो. अनेक आवाज लागणारे रोजचे काम असेल तर ही गिटार जरूर घ्यावी, पण तिची किंमत दहाएक वर्षांत वसूल होईल का, हे पाहूनच. नेहमीचे चुंबकी पिकअप असलेलीच निवडावी, म्हणजे मेंदू गेला तरी एक साधी गिटार हातात उरेल. आणि शिकणाऱ्या मुलाला पहिली गिटार साधीच द्यावी; एका आवाजातून काय काय निघते हे बोटांना आधी कळू दे.

मित्राची गिटार पहिल्या प्रकारची होती, कोऱ्या अंगाची. ती मोडीत काढायला त्याचे मन घेईना. आम्ही ओळखीच्या सुताराकडून तिच्या पोटात दोन खाचा कोरून घेतल्या, दोन साधे पिकअप बसवले, जुना बोर्ड काढून टाकला. जोडणी मी केली. सात तारा, दोन बटणे, एक खटका. दोन डझन आवाजांपैकी आता एकच उरला आहे, आणि मांडवात थोडा गुणगुणतोही. ध्वनिक गिटार त्याने पुन्हा माळ्यावरून खाली काढली आहे. यंदाच्या गणेशोत्सवात दोन्ही खांद्यांवर दोन गिटारी घेऊन तो रिक्षातून उतरला, तेव्हा पाठीबद्दल कुरकुरत होता.