रक्तातलं आणि घरातलं

तापीच्या दोन्ही काठांवरच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या, जळगाव-धुळ्याच्या सगळ्या बचत गटांतल्या बायांना आमचा रामराम. आज पासबुक, हप्ता, व्याज यातलं काही बोलणार नाही. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचंही एक सूत्र आहे, ते आज हाती घेऊ.

आपल्याकडे एक वाक्य रोज कानावर पडतं, "रगतमाज शे." म्हणजे रक्तातच आहे. पोरगं अभ्यासात मागे पडलं, रक्तातच आहे. नवरा दारू पितो, त्याचा बापही प्यायचा, रक्तातच आहे. सुनेला साखर निघाली, तिच्या माहेरी सगळ्यांना आहे, रक्तातच आहे. एकदा असं म्हटलं की विषय संपतो. मग कोणालाच काही करायला नको.

आमच्याही एका बैठकीत विषय असाच संपला होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला गट. त्यातल्या एका वहिनीचा मुलगा पाच वर्षांचा. हातपाय दुखतात म्हणून रात्र-रात्र रडायचा, डोळे पिवळे दिसायचे, वर्षातून तीन-चार वेळा दवाखान्यात ठेवावं लागायचं. त्यासाठी वहिनीने तिसऱ्यांदा अंतर्गत कर्ज मागितलं. बैठक तिच्याच अंगणात होती. सासू ओट्यावर बसून ऐकत होती. ती तिथूनच म्हणाली, "हिच्या माहेरचंच रक्त खराब. किती पैसा घालायचा त्यात?" आम्ही सगळ्या गप्प बसलो. मागचे हप्ते थकले आहेत असं कारण लिहून कर्ज पुढच्या बैठकीवर ढकललं. महिन्याभरात मुलाच्या बापाचं दुसरं लग्न लावायची कुजबुज सुरू झाली. त्या दिवशी गप्प बसलो याची आम्हाला आजही लाज वाटते. म्हणून रक्तातलं म्हणजे नेमकं काय, हे आधी आम्ही समजून घेतलं आणि आज तुम्हाला सांगतो आहोत.

केळीच्या बागेतला धडा

रावेर-यावलकडच्या बायांना हे पटकन कळेल. टिश्यू कल्चरची केळीची रोपं एकाच मूळ रोपाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली असतात. म्हणजे त्यांचं वाण अगदी सारखं. तरी एका शेतात घड भरून येतो आणि बांधापलीकडच्या शेतात बारीक राहतो. एकाने ठिबकने वेळेवर पाणी दिलं, पिलं काढली, वारा अडवायला कडेने झाडं लावली. दुसऱ्याची मोटार विजेअभावी बंद राहिली, पौषातल्या थंडीने वाढ खुंटली, वैशाखातल्या झळांनी पानं करपली. रोप तेच, पण घड वेगळा.

आता उलट बाजू बघा. कितीही खत घाला, केळीला आंबा लागणार नाही. वाणाने काही हद्दी घालून दिलेल्या असतात. माणसाचंही असंच. आईकडून तेवीस आणि बापाकडून तेवीस, अशी सेहेचाळीस गुणसूत्रं घेऊन आपण जन्माला येतो. त्या गुणसूत्रांवर जनुकं असतात. शरीर कसं घडवायचं याच्या सूचना त्यांत लिहिलेल्या असतात. ही झाली आनुवंशिकता. बाकी सगळं म्हणजे परिस्थिती. आईच्या पोटातलं पोषण, घरातलं जेवण, पाणी, आजार, शाळा, काम, माया, मार, सगळं त्यात आलं.

आता यातलं जास्त मोठं कोणतं? आम्ही बायांना विचारतो, कळण्याची भाकरी किती टक्के पिठाने होते आणि किती टक्के विस्तवाने? सगळ्या हसतात. दोन्हींशिवाय भाकरी होतच नाही. पीठ जुनं असेल तर भाकरीला चिरा पडतात, तवा नीट तापला नसेल तर चांगल्या पिठाचीही कच्ची राहते. माणसाचा हिशेब असाच आहे.

दोन्ही घरांतून आलेलं

त्या मुलाचं रक्त तपासलं तेव्हा सिकलसेल निघाला. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा समाजात हा आजार आढळतो, इतर समाजांतही आढळतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये झाली. आपल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथे असह्य कळा येतात. अशा पेशी लवकर मरतात, म्हणून रक्त कमी पडतं आणि डोळे पिवळे दिसतात. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळ चांगलं दिसतं, कारण पोटातल्या काळातलं वेगळं रक्तद्रव्य त्याला सांभाळत असतं. ते कमी झालं की त्रास सुरू होतो. म्हणून बायका म्हणतात, "जन्मला तेव्हा चांगला होता, कोणाची तरी नजर लागली." नजर नाही, जनुक आहे. हा आजार शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही.

आता नीट ऐका. हा आजार व्हायला बदललेलं जनुक आईकडूनही यावं लागतं आणि बापाकडूनही. एकाकडूनच आलं तर माणूस फक्त वाहक असतो आणि त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाला चारातून एक शक्यता आजाराची, दोन वाहकाच्या, एक पूर्ण निरोगी बाळाची. आणि हा हिशेब दर खेपेला नव्याने मांडायचा. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं.

म्हणजे त्या मुलाचा बापही वाहक होता. तपासणीत तसंच निघालं. बापाला ते आलं त्याच्या आईकडून किंवा वडिलांकडून. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सासू तिथेच होती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्याकडूनही असेल." आम्ही तिला म्हटलं, "काकू, असेलही. पण ते काही तुम्ही मुद्दाम दिलं नाही. तुम्हालाही ते कोणीतरी दिलेलंच." वंशाने येतं ते मागून चालत आलेलं देणं असतं. त्यात कोणाचा गुन्हा नसतो. मुलगा-मुलगीचंही तेच. ते बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, तरी पोरींवर पोरी झाल्या की दोष बाईला लागतो.

हे जनुक आपल्या रानात टिकलं तरी का, तेही सांगतो. वाहक माणसाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. डासांच्या जंगलात पिढ्यान् पिढ्या असे लोक जास्त जगले आणि जनुक पुढे चालत आलं. म्हणजे रक्तात काय उरावं हेही परिस्थितीनेच ठरवलं.

आणि परिस्थिती आजही ठरवते. अंगातलं पाणी कमी झालं, ताप किंवा जंतुसंसर्ग झाला, गारठा लागला, फार दमणूक झाली की कळा उठतात. आपल्या वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा पाण्याची बाटली जवळ असलेला मुलगा आणि दुपारभर तहानलेला शेळ्या राखणारा मुलगा, दोघांचं जनुक एकच असलं तरी दिवस एकसारखे जात नाहीत. वेळेवर लसी, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या फॉलिक अॅसिडच्या आणि गरज असेल त्यांना हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, ताप आल्याबरोबर दवाखाना, एवढ्याने दुखण्याचे दौरे कमी होतात आणि आयुष्य वाढतं. जनुक आम्ही बदलू शकलो नाही. बाटली मात्र सासूनेच आणली. आता नातवाच्या गळ्यात तीच अडकवते.

पोटातले नऊ महिने

सिकलसेल एका जनुकाचा आजार आहे. उंची, वजन, बुद्धी, साखर यांत मात्र कितीतरी जनुकांचा थोडाथोडा हात असतो. तिथे परिस्थितीचं वजन आणखी वाढतं आणि ते पोटातूनच सुरू होतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच बाया. गरोदरपणाआधी त्यांचं वजन सरासरी सुमारे ४२ किलो. त्यांची बाळं सरासरी सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपली बाळं वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबी त्या मानाने जास्त होती आणि मांस कमी होतं. वरून रोड, आतून चरबीचं असं हे बाळ. अशा बाळांना मोठेपणी साखरेचा धोका जास्त असतो. म्हणजे "आमच्या घराण्यात साखर आहे" म्हणतो तेव्हा त्यात जनुकंही असतात आणि आपल्या आईचं अर्धपोटी गरोदरपणही असतं.

त्याच अभ्यासात दिसलं की ज्या गरोदर बाया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं चांगल्या वजनाची होती. ज्यांच्यावर कष्टाचा फार बोजा होता त्यांची बाळं लहान होती. हे ऐकून आम्हाला आपला कपाशीचा हंगाम आठवला. सातवा-आठवा महिना, कमरेला ओटी बांधून दिवसभर वेचणी, घरी आल्यावर पाण्याचे हंडे, आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेली भाकरी. तिला मेथी-पोकळा ताटात पडला, दुपारची तासभर आडवं होण्याची सवड मिळाली, हंडा दुसऱ्या कोणी उचलला, तर त्याचा फायदा पन्नास वर्षांनंतरच्या माणसाला मिळतो. मशेरी आणि तंबाखूही त्या काळात सोडायची, कारण तिनेही बाळाचं वजन घटतं.

अंगणापासून ओट्यापर्यंत

जन्मानंतर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे पोटातले दिवस धरून पहिले हजार दिवस, मेंदू आणि शरीर सगळ्यात वेगाने वाढतं. अंगणवाडीत वजन-उंची घेतात ती यासाठी. आईबाप ठेंगणे म्हणून मूलही ठेंगणं, हे अर्धं खरं. वारंवार हगवण लागत असेल, ताटात भाकरी-मिरचीच असेल, तर उंच आईबापाचं मूलही खुरटतं.

बुद्धीचं काय? आपल्या आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी आठवा. १८८० चा जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात कामं करता करता त्यांनी ओव्या रचल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव कवी झाले. त्यांनी आईच्या रचना टिपून ठेवल्या होत्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्या छापून आल्या. आता सोपानदेवांना कविता रक्तातून मिळाली की आईच्या जात्याशेजारी बसून कानातून मिळाली? वेगळं करून सांगता येणार नाही. एवढं नक्की की आईला अक्षर मिळालं नाही आणि मुलाला मिळालं. त्या एका फरकाने दोघांचं काम आपल्यापर्यंत पोचलं. आपल्या घरातल्या किती बायांच्या ओव्या अशाच विरून गेल्या असतील, याचा विचार पोरीची शाळा सोडवताना करा.

वयात येणाऱ्या मुलीचं अंग अजून वाढतच असतं. तेव्हा रक्त कमी असेल आणि लग्न लवकर लागलं, तर आई आणि बाळ दोघांनाही एकाच ताटातलं पुरवावं लागतं. मग पुन्हा कमी वजनाचं बाळ. लोक म्हणतात वंशच बारीक आहे. वंश नाही, तीच चूक दर पिढीला केली जाते.

चाळिशीनंतरही दार बंद होत नाही. आईबापाला साखर असेल तर आपल्याला धोका जास्त, हे खरं. म्हणून तर वर्षातून एकदा तपासून घ्यायचं, चालायचं, पोट सुटू द्यायचं नाही. दारुड्या बापाच्या मुलाला ओढ थोडी जास्त असू शकते, पण गुत्ता आणि संगत काही रक्तात नसते. म्हातारपणीही हातपाय हलते ठेवणारी, चार बायांत उठबस असलेली आजी जास्त दिवस स्वतःच्या पायावर राहते. गटाची बैठक त्यासाठीही असते.

आपण काय करायचं

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. जन्मापासून चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे. आशाताईला विचारा, आपल्या आरोग्य केंद्रात तपासणी कोणत्या दिवशी असते. लग्न जमवताना पत्रिकेसोबत दोघांचं सिकलसेलचं कार्डही बघा. एक वाहक आणि एक निरोगी असेल तर मुलांना हा आजार होत नाही, म्हणून वाहक पोरीचं लग्न मोडायचं काहीच कारण नाही. दोघंही वाहक असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

वहिनीचं कर्ज पुढच्या बैठकीत मंजूर केलं. कारणाच्या रकान्यात "मुलाचा औषधोपचार" असं स्पष्ट लिहिलं. दुसऱ्या लग्नाची कुजबुज थांबली. पण सगळं मार्गी लागलं असं नाही. तिच्या धाकट्या दिराचं लग्न ठरत आहे आणि तो अजून रक्त तपासायला तयार नाही. वाहक निघालो तर गावात नाव होईल, असं म्हणतो. त्याला समजावायला आता आम्ही जात नाही, त्याची आईच मागे लागली आहे.

म्हणून मैत्रिणींनो, यापुढे बैठकीत कोणी "रगतमाज शे" म्हटलं तर विषय मिटवू नका. विचारा, बरं, रक्तात आहे. मग घरात काय करायचं?