मधे दोन तास जाऊ द्या, म्हणजे झालं?

मधुमेह असलेल्या माणसाच्या गोळ्यांच्या डबीत साखरेच्या गोळीशेजारी कोलेस्टेरॉलची गोळी सहसा असतेच. या दोन्ही एकमेकींना बाधतील का, ही शंका घरात कधीतरी निघते आणि उत्तरही घरातच मिळतं: मधे दोन तास जाऊ द्या, म्हणजे झालं. काही औषधांबाबत हे खरंही आहे. कोलेसेव्हेलाम हे औषध आतड्यात पित्ताम्लांना बांधून कोलेस्टेरॉल उतरवतं, पण त्याच ओघात ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीलाही धरून ठेवतं. म्हणून ती गोळी त्याच्या चार तास आधी घ्यायची असते. पण औषधांचं भांडण नेहमी पोटात होत नाही. ते यकृतात होत असेल, तर घड्याळ बघून काहीही साधत नाही. तेव्हा दोन गोळ्या किती वाजता घेतल्या यापेक्षा त्या नेमक्या कोणत्या आहेत आणि शरीरातून कोणत्या वाटेने बाहेर पडतात, हे पाहायला हवं.

सगळ्यात जास्त विचारली जाते ती जोडी म्हणजे मेटफॉर्मिन आणि अटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. मेटफॉर्मिनचं यकृतात विघटन होतच नाही. ते जसंच्या तसं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. अटोर्व्हास्टॅटिनचा निकाल मुख्यतः यकृतात लागतो. रोसुव्हास्टॅटिन बरंचसं न बदलता पित्तावाटे जातं. या वाटा एकमेकींना अडवत नाहीत, त्यामुळे ही जोडी लाखो लोक निर्धास्तपणे घेतात. यावर आक्षेप येतो, की स्टॅटिनने साखर वाढते, हे तर डॉक्टरच सांगतात. खरं आहे. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये १३ चाचण्यांतल्या ९१,१४० लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा स्टॅटिन घेणाऱ्यांत नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ९ टक्क्यांनी जास्त दिसलं. म्हणजे २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली, तर त्यांत मधुमेहाचा एक रुग्ण वाढतो. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघावं. आधीच टाइप २ मधुमेह असलेल्या २,८०० हून अधिक लोकांवर ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या ‘कार्ड्‌स’ या चाचणीत रोज १० मिलिग्रॅम अटोर्व्हास्टॅटिनने हृदयविकार आणि पक्षाघाताच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या. फायदा इतका स्पष्ट होता की २००४ साली निष्कर्ष आले ते चाचणी ठरलेल्या मुदतीच्या दोन वर्षं आधी थांबवूनच. साखरेचा आकडा थोडा चढला म्हणून स्टॅटिन परस्पर बंद करणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

भीती बाळगावी ती दुसऱ्याच जोडीची. रक्तातले ट्रायग्लिसराइड उतरवणारं जेमफायब्रोझिल आणि जेवणाआधी घ्यायचं रेपाग्लिनाइड. रेपाग्लिनाइडचं वैशिष्ट्यच असं की ते झटपट काम करून निघून जातं. जेवणाला बसण्याच्या पंधराएक मिनिटं आधी घ्यायचं, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावायचं, अन्न पचेपर्यंत ओसरायचं. जेवण चुकलं तर गोळीही चुकवायची. हा सगळा हिशेब ते औषध लवकर बाहेर पडतं यावर उभा आहे. फिनलंडमधल्या संशोधकांनी २००३ साली बारा निरोगी स्वयंसेवकांना तीन दिवस जेमफायब्रोझिल देऊन मग रेपाग्लिनाइडची अगदी लहान, पाव मिलिग्रॅमची मात्रा दिली. रक्तातलं रेपाग्लिनाइडचं एकूण प्रमाण आठपट झालं. निम्मं औषध ओसरायला लागणारा वेळ १.३ तासांवरून ३.७ तासांवर गेला. सात तासांनंतर, म्हणजे जिथे ते जवळजवळ संपलेलं असायला हवं तिथे, त्याची पातळी नेहमीच्या अठ्ठावीसपट होती. दुपारच्या जेवणाची गोळी संध्याकाळी रिकाम्या पोटीही इन्शुलिन सोडवत राहणार, असा याचा अर्थ. मग घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आणि साखर फारच खाली गेली तर बेशुद्धी. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामक संस्थेने ही दोन औषधं एकत्र देऊ नयेत असं बजावलं.

यामागे यकृतातलं एक विकर आहे, सीवायपी २सी८. रेपाग्लिनाइडचा निचरा मोठ्या प्रमाणात त्याच्या हातून होतो. जेमफायब्रोझिलपासून यकृतात तयार होणारा एक पदार्थ या विकराला असा चिकटतो की ते कायमचं निकामी होतं. नवं विकर तयार होईपर्यंत नाली तुंबलेलीच. म्हणून अंतराचा इलाज इथे लागू पडत नाही: पुढच्या एका प्रयोगात जेमफायब्रोझिलनंतर तब्बल बारा तासांनी रेपाग्लिनाइड दिलं, तरी त्याचं प्रमाण सुमारे पाचपट भरलं. याचा इशारा आधीच मिळाला होता, तोही फार महागात. सेरिव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध स्नायू विरघळून झालेल्या मृत्यूंमुळे ऑगस्ट २००१ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. तोवर अमेरिकेत नोंदल्या गेलेल्या ३१ मृत्यूंपैकी १२ जण सोबत जेमफायब्रोझिल घेत होते. सेरिव्हास्टॅटिनचा निचराही बराचसा याच विकराकडून होत असे.

कुणी म्हणेल, जेमफायब्रोझिल आता लिहितं कोण? फेनोफायब्रेटच जास्त दिसतं. ते ठीकच आहे. त्याच कुळातलं असूनही फेनोफायब्रेट रेपाग्लिनाइडला अडवत नाही, हे तपासून पाहिलेलं आहे. म्हणजे ‘ट्रायग्लिसराइडची गोळी चालू आहे’ एवढं सांगून भागत नाही, नाव लागतं. शिवाय हे विकर फक्त रेपाग्लिनाइडसाठी राखून ठेवलेलं नाही. पायोग्लिटाझोन आपल्याकडे भरपूर वापरलं जातं. त्याचंही प्रमाण जेमफायब्रोझिलमुळे सुमारे तिप्पट होतं, म्हणून सोबत द्यायचंच झालं तर दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं त्याच्या माहितीपत्रकात आहे. आणि क्लोपिडोग्रेल? अँजिओप्लास्टी झालेल्या जवळपास प्रत्येकाच्या चिठ्ठीत हे रक्त पातळ ठेवणारं औषध असतं. तेही या विकराला असंच निकामी करतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ७५ मिलिग्रॅमच्या रोजच्या मात्रेनेसुद्धा रेपाग्लिनाइड जवळपास चौपट वाढलं. ही जोडी मुळीच दुर्मीळ म्हणता येणार नाही.

हे सगळं डॉक्टरांनी बघायचं, पेशंटने का, हा शेवटचा आक्षेप. डॉक्टरांनीच बघायचं, यात वाद नाही. पण साखरेची चिठ्ठी एकाची असते, स्टेंट घालणारा दुसरा असतो, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून तिसऱ्याने काहीतरी जोडलेलं असतं, आणि केमिस्टकडे गेल्या महिन्याची रिकामी पट्टी दाखवून तीच गोळी पुन्हा आणली जाते. या तिघांपैकी प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच लिहिलेलं असू शकतं. तिन्ही चिठ्ठ्या एका जागी येतात त्या फक्त पेशंटच्या घरात. म्हणून दर भेटीला सगळ्या पट्ट्या, त्यांवरचं औषधाचं मूळ नाव दिसेल अशा, सोबत न्याव्यात; आणि नुकत्याच बंद केलेल्या गोळीची पट्टीही त्यात असू द्यावी, कारण जेमफायब्रोझिल थांबवल्यावरही ते विकर पूर्ववत व्हायला काही दिवस जातात.