उन्हाळ्याचे झरे आणि संगणकातील भूगर्भ

पालघर जिल्ह्यातील कोकणेरेपासून निघालेली पश्चिम किनाऱ्यावरील उष्ण झऱ्यांची रांग राजापूरजवळच्या उन्हाळे गावी संपते. या उष्णतेतून वीज मिळेल काय, हा प्रश्न कोकणात वरचेवर निघतो.

खोल विहीर खणणे फार खर्चाचे. म्हणून आधी पाणी तपासतात. पाणी जितके उष्ण, तितकी खडकातील सिलिका त्यात अधिक विरघळते. त्यावरून खालच्या साठ्याच्या तापमानाचे अनुमान निघते. पुढे संगणकात भूगर्भाचे हजारो ठोकळे कल्पून प्रत्येकास सच्छिद्रता, पाझरक्षमता आणि उष्णतावहन यांची मूल्ये देतात. पाणी व उष्णता ठोकळ्याठोकळ्यांतून कशी सरकेल, याचे गणित संगणक सोडवितो. आलेले उत्तर प्रत्यक्ष झऱ्याच्या तापमानाशी जुळेपर्यंत मूल्ये बदलतात. मात्र निरनिराळ्या मूल्यांनीही तेच उत्तर जुळू शकते, शिवाय आपल्या काळ्या कातळात पाणी भेगांतून वाहते आणि त्या भेगा वरून दिसत नाहीत. म्हणून प्रामाणिक प्रतिमान एकच आकडा न देता किमान-कमाल मर्यादा सांगते. एकाच आकड्याची छातीठोक ग्वाही आम्हांस संशयास्पद वाटते. ‘एहिपस्सिको’, येऊन पाहा, हे नित्य वंदनेत म्हणणाऱ्यांना तर ती वाटावीच.

अलास्कातील चेना येथे २००६ साली सुमारे ७४ अंश सेल्सिअसच्या पाण्यावर वीजनिर्मिती सुरू झाली. रत्नागिरीतील उन्हवरेचे पाणीही ७० अंशांच्या आसपास आहे. पण चेनाला यंत्र थंड करण्यास अतिशीत पाणी मिळते. कोकणच्या दमट उकाड्यात ते कोठून आणावे? तेथील ऊन पाण्यावर कोकम, काजू सुकविता येतील काय, हे गणित आम्हांस विजेहून आधी मांडण्याजोगे वाटते.