रेड वाईन हृदयाला चांगली असते का?

आजचा विषय श्रोत्यांकडूनच आलाय. "रोज रात्री एक ग्लास रेड वाईन, हार्टसाठी!" असं म्हणणारं कुणीतरी आता घरोघरी भेटतं. आणि 2022च्या जानेवारीत सुपरमार्केटमधल्या वाईनविक्रीचा निर्णय झाला, तेव्हा नाशिकच्या द्राक्षांसोबत हा मुद्दाही चर्चेत आलाच. तेव्हा आज आपण तो नीट तपासून पाहू.

मूळ गोष्ट फ्रान्सची. लोणी, चीज, मांस भरपूर, तरी हृदयविकाराचे मृत्यू तुलनेनं कमी. याला 'फ्रेंच कोडं' म्हणतात. 1991 साली शास्त्रज्ञ सर्ज रेनो यांनी अमेरिकन टीव्हीवर याचं श्रेय वाईनला दिलं आणि तिकडे रेड वाईनचा खप वाढला.

मग कारण शोधणं आलं. रेड वाईन बनवताना द्राक्षाचा रस सालीसकट आंबवतात, म्हणून सालीतले पॉलिफेनॉल त्यात उतरतात. त्यातलं एक रेझव्हेराट्रॉल. 2006 साली चरबीयुक्त खाणं दिलेल्या उंदरांना ते रोज वजनाच्या किलोमागे सुमारे 22 मिलिग्रॅम दिलं, तर ते जास्त जगले. पण आपण हिशेब करू. 60 किलोच्या माणसाला सरळ गुणाकारानं 1300 मिलिग्रॅम लागतील. एका लिटर वाईनमध्ये असतं जेमतेम काही मिलिग्रॅम. म्हणजे रोज शेकडो लिटर! उंदराचा डोस माणसाला असा थेट लावत नाहीत, हे खरं. पण योग्य ते रूपांतर करूनही कित्येक लिटर होतातच. आणि हो, रेझव्हेराट्रॉल थोडंफार शेंगदाण्यातही असतं, बरं का.

आता मुख्य मुद्दा. अनेक पाहण्यांत थोडी पिणारे हे न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसले. मग ते खोटं का? आकडे खोटे नव्हते, तुलना फसवी होती. 'न पिणाऱ्यां'च्या गटात कोण कोण होतं बघा: आजारी पडल्यामुळे दारू सोडलेले लोकही त्यातच! ब्रिटनमधले संशोधक शेपर यांनी 1988 साली हेच दाखवलं. शिवाय जेवताना एकच ग्लास घेणारा माणूस बहुधा सुखवस्तू असतो, भाज्या-फळं खातो, फिरायला जातो, डॉक्टरकडे वेळेवर जातो. श्रेय मात्र ग्लासाला मिळतं.

हा गुंता सोडवायला चीनमध्ये एक युक्ती वापरली. तिथे अनेकांत असं जनुक असतं की, दारू घेतली की चेहरा लाल होतो, जीव घाबरतो. साहजिकच ते कमी पितात. जनुक जन्मतःच ठरतं, पैसा किंवा सवयी पाहून नाही. पाच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीतून 2019 साली निष्कर्ष आला: दारूचं प्रमाण वाढतं तसा पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि थोड्या दारूनं संरक्षण मिळतं असं दिसत नाही.

दुसरी बाजूही बघू. 150 मिलिलिटरच्या ग्लासात सुमारे 14 ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि ते वाईनमधलं असो की देशीतलं, शरीराला एकच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1988 सालीच अल्कोहोलयुक्त पेयं कर्करोगकारक ठरवली. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर कमी प्रमाणापासूनच थोडा वाढू लागतो. 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेनं म्हटलं, पूर्ण सुरक्षित असं प्रमाण नाही.

श्रोत्यांमधून प्रश्न: मग आमचं काय, सर? आम्ही कधीतरी घेतो.

घ्या म्हणायला किंवा ओरडायला आम्ही इथे बसलेलो नाही, काका. (हशा) कधीतरी आवडीनं घेतलेल्या ग्लासाचा धोका लहान असतो. मधुमेहाच्या, झोपेच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मात्र डॉक्टरांना आधी विचारा. आमचं म्हणणं इतकंच की, आवडते म्हणून घेता असं म्हणा, औषध म्हणून घेतो असं म्हणू नका. आणि जे पीत नाहीत, त्यांनी हृदयासाठी सुरू तर मुळीच करू नये. त्यासाठी रोजचं चालणं आणि तंबाखू सोडणं आहे की. सालीचाच गुण हवा असेल, तर काळी द्राक्षं सालीसकट खा!