ओढ आणि आवड

मनुष्य एखाद्या वस्तूच्या मागे का धावतो, असे विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : ती वस्तू त्याला सुख देते म्हणून. ओढ जितकी तीव्र तितके सुख मोठे, ही समजूत व्यवहारात इतकी रुळलेली आहे की तिची परीक्षा करावी असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. परंतु गेल्या सत्तर वर्षांत मेंदूवर जे प्रयोग झाले त्यांवरून असे दिसते की, एखादी गोष्ट हवीशी वाटणे आणि ती आवडणे या दोन भिन्न क्रिया आहेत. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे व्यसनाचे कोडे पुष्कळसे उलगडते.

या शोधाचा आरंभ कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात झाला. जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसविली आणि खटका दाबताच तिच्यातून सौम्य विद्युत्प्रवाह जाईल अशी योजना केली. उंदीर आपण होऊन खटका दाबू लागले. तार विशिष्ट जागी असली म्हणजे एका तासात शेकडो, पुढील प्रयोगांत तर हजारो वेळा ते तो दाबीत. हा प्रयोग १९५४ साली प्रसिद्ध झाला व मेंदूतील ‘सुखकेंद्र’ सापडले असा बोलबाला झाला. वस्तुतः उंदराला खटका पुन्हा पुन्हा दाबावासा वाटतो, एवढेच त्यावरून सिद्ध होत होते. त्याला सुख होत होते की नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

पुढील धागा भारतीय वैद्यकास सुपरिचित अशा एका वनस्पतीपासून निघाला. सर्पगंधेचे मूळ आपल्या देशात उन्मादावर पूर्वापार दिले जात असे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाविषयी लेख लिहिला. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी तिच्या मुळातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. हे द्रव्य मेंदूतील काही रासायनिक निरोप्यांचे साठे रिते करते. १९५७ साली स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी रेसर्पीन देऊन निश्चल केलेल्या प्राण्यांना एल-डोपा टोचले, तेव्हा ते थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामीन तयार होते. डोपामीनला मेंदूत स्वतःचे असे कार्य आहे, हे या संशोधनातून स्पष्ट झाले. त्याबद्दल कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

ओल्ड्स यांच्या उंदरांना जी ओढ लागत असे तिच्यातही डोपामीनचा मोठा भाग आहे, असे पुढे आढळले. साहजिकच डोपामीन म्हणजे सुखाचे रसायन, असे मानले जाऊ लागले. या मताची कसोटी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज व टेरी रॉबिन्सन यांनी घेतली. तान्ह्या बाळाच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले तर ते ओठ चाटते. कडू लागले तर तोंड वेडेवाकडे करते. उंदराच्या मुखावरही अशाच खुणा दिसतात. ज्यांच्या मेंदूतील जवळजवळ सर्व डोपामीन नष्ट केले आहे असे उंदीर समोर अन्न असूनही खात नाहीत. त्यांना नळीने भरवावे लागते. तरीही त्यांच्या जिभेवर गोड पडताच ते पूर्वीप्रमाणेच ओठ चाटतात. त्यांची ओढ गेली, आवड शाबूत राहिली. उलटपक्षी, डोपामीनची क्रिया वाढविली असता उंदीर गोडासाठी अधिक धडपडतात, पण आवडीच्या खुणा वाढत नाहीत. आवडीचे कार्य मुख्यतः मेंदूतच तयार होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांकडे व काही अगदी लहान भागांकडे असते.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांनी आणखी एक गोष्ट उघड केली. माकडाला अनपेक्षित फळाचा रस मिळाला की त्याच्या डोपामीनपेशी जोराने चेततात. रसापूर्वी दर वेळी दिवा लावण्याचा क्रम ठेवला, तर काही काळाने त्या दिवा लागताच चेततात. रस मिळाल्यावर विशेष काही घडत नाही. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांची क्रिया मंदावते. म्हणजे ओढ वस्तूकडून तिच्या खुणेकडे सरकते.

व्यसनी मनुष्याची स्थिती यावरून समजते. मादक द्रव्यांच्या वारंवार सेवनाने ओढीची यंत्रणा अतिसंवेदनक्षम होते, असे रॉबिन्सन व बेरिज यांनी १९९३ साली प्रतिपादन केले. नशेतील सुख ओसरते, तरी ओढ वाढतच राहते. विडीचा वास, ठरावीक मित्र, ठरावीक गल्ली एवढ्यानेही ती जागी होते. पुष्कळदा सोडल्यानंतर वर्षांनीही. ‘यात आता काही मजा राहिली नाही’ असे म्हणत पुन्हा पेल्याकडे हात नेणारा मनुष्य खोटे बोलत असतो, असे समजण्याचे कारण नाही.

कंपवाताच्या रुग्णांत याचा वेगळाच पुरावा मिळतो. डोपामीनसारखे कार्य करणारी काही औषधे घेताना थोड्या रुग्णांना जुगाराचा किंवा अनावर खरेदीचा नाद लागतो, आणि वैद्यांनी औषध बदलले किंवा मात्रा कमी केली की तो बहुधा ओसरतो. अशा वेळी कुटुंबीयांनी रुग्णाच्या शीलास दोष न देता वैद्यांस कळवावे. औषध मात्र आपल्या मताने बंद करू नये.

निश्चयाला यात स्थान नाही, असा याचा अर्थ नव्हे. तो कोठे खर्चावा, एवढे हे शास्त्र सांगते. ओढ एकदा उसळल्यावर तिच्याशी झुंजण्यापेक्षा तिला जागविणाऱ्या खुणा टाळणे सोपे असते. व्यसन सोडू पाहणाऱ्याने नेहमीचा रस्ता बदलला, तर तो भित्रेपणा नसून शहाणपण आहे. त्याच्या घरच्यांनी त्या कामी त्याला साथ द्यावी.