ग्राफिक्स कार्डाची परीक्षा मुंबईच्या हवेत

संगणकाच्या दुकानात मांडलेले उच्च श्रेणीचे ग्राफिक्स कार्ड प्रथमदर्शनी पंख्यांचे आणि धातूच्या पात्यांचेच यंत्र वाटते. तसे वाटण्यात फारशी चूकही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आलेल्या एनव्हीडियाच्या 'जीफोर्स आरटीएक्स ४०९०' या कार्डाचे वजन दोन किलोंहून अधिक होते आणि ज्या चिपसाठी हा सारा खटाटोप, ती जेमतेम सहा चौरस सेंटिमीटरची. तेवढ्याशा जागेत ७,६०० कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर. संपूर्ण कार्डाची वीजमर्यादा ४५० वॅट. ही वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. म्हणूनच एवढी महागडी वस्तू घेताना तिच्या वेगाइतकीच तिची बांधणीही पारखावी लागते.

बोरीवलीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. परदेशी परीक्षणे बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीत झालेली असतात. भार आणि पंख्यांचा वेग तोच ठेवला, तर खोलीचे तापमान जितके वाढेल, जवळपास तितकेच चिपचेही वाढते. २१ अंशांच्या खोलीत ६८ अंश दाखविणारे कार्ड मे महिन्यात ३३ अंशांच्या खोलीत ८० अंशांच्या आसपास पोहोचते. मग पंखे गरजू लागतात आणि तेवढ्याने भागले नाही, तर कार्ड आपला वेग स्वतःच कमी करते. ज्या वेगासाठी पैसे मोजले, तोच हातचा जातो. एक टनाचा वातानुकूलक साधारण साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर टाकू शकतो. पूर्ण भारावरील असे कार्ड त्याचा आठवा हिस्सा एकटेच खाते!

उष्णता वाहून नेण्याचे काम मुख्यतः तांब्याची पोकळ पेटी, म्हणजे 'व्हेपर चेंबर', करते. तिच्यात निर्वात स्थितीत थोडेसे पाणी असते. दाब कमी असल्याने ते शंभर अंशांच्या कितीतरी आधी उकळते, वाफ थंड भागाकडे धावते, तेथे पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र थरातून चिपकडे परतते. पुढे ॲल्युमिनियमची पाती आणि पंखे. पाण्याचे प्रमाण चुकले, तर मात्र सारा डोलारा कोसळतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या 'रेडिऑन आरएक्स ७९०० एक्सटीएक्स'च्या काही कार्डांत नेमके हेच घडले. चिपवरील सर्वांत तप्त बिंदू ११० अंशांवर जाऊन कार्डे मंदावू लागली आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने दोष मान्य केला. बाहेरून पाहून हा दोष कोणालाही कळला नसता.

दुसरी नाजूक जागा वीजजोडाची. १२ व्होल्टवर ४५० वॅट म्हणजे साडेसदतीस अँपिअर, तेही सहा बारीक पिनांतून. ४०९० बाजारात येताच हे जोड वितळल्याच्या तक्रारी आल्या. ते पूर्ण आत बसविलेले नसणे हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे कंपनीने सांगितले. २०२३ मध्ये जोडाची रचनाही सुधारण्यात आली. वायर जोडाच्या अगदी मुळाशी वाकवू नये, हे बरे. आडव्या बसविलेल्या जड कार्डाला टोकाशी आधारही द्यावा, अन्यथा ते खाली झुकून पट्टीवर आणि खाचेवर ताण येतो.

एका बाजूला गोराईची खाडी, दुसऱ्या बाजूला राष्ट्रीय उद्यान, मध्ये रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ. खारट दमट हवेतली ही धूळ पात्यांमध्ये चिकटून बसते आणि हवेची वाट अडवते. त्यामुळे सुट्या होणाऱ्या जाळ्यांचे कॅबिनेट येथे चैनीचे ठरत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी संगणक बंद करून हवेच्या झोताने धूळ उडवावी. मात्र त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. झोताने पंखा बेफाम फिरला, तर बेअरिंग खराब होण्याची शक्यता असते.