१९३९चा रुपया खरा कसा ओळखावा?

राजा सहावा जॉर्ज याचे मुख असलेला १९३९ सालचा चांदीचा रुपया नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाला हवा असतो. मुंबईच्या टांकसाळीतला हा रुपया बाजारात क्वचितच येतो आणि म्हणूनच त्याच्या नकला भरपूर आहेत. जुन्या बाजारात चादरीवर मांडलेल्या नाण्यांत तो दिसला की मी आधी खोटाच धरतो आणि मग तपासतो.

मी आपल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. नाणी हा माझा छंद. सुट्टीहून परतताना कॅडेट्स आजोबांच्या पेटीतली नाणी घेऊन येतात आणि विचारतात, "सर, याचे किती येतील?" हा प्रश्न महाग पडू शकतो. आपल्याच एका कॅडेटच्या वडिलांना फोन आला होता, की तुमच्याकडच्या नाण्याचे आम्ही लाखो रुपये देऊ, आधी नोंदणीची फी भरा. त्यांनी ती भरली. मग कर म्हणून आणखी पैसे मागितले, तेही भरले. नाणे घरातच राहिले आणि बियाण्यासाठी ठेवलेले पैसे मात्र गेले. अशा फसवणुकीत रिझर्व्ह बँकेचे नाव वापरतात, म्हणून बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली होती: जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा संबंध नाही आणि त्यासाठी आम्ही कोणाकडूनही फी किंवा कमिशन मागत नाही. घरी फोन कराल तेव्हा एवढे तरी नक्की सांगा.

आता रुपयाकडे वळू. त्या काळच्या चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. धातूच्या बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग मिश्रण. हाताळून झिजलेला रुपया थोडा हलका भरेल, पण जड कधीच भरणार नाही.

नुसत्या वजनाने मात्र काम भागत नाही, कारण नकली नाणे जरा जाड केले की वजन जुळवता येते. घनता जुळवणे कठीण. आपल्या प्रयोगशाळेतल्या ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर हे दहा मिनिटांत कळते. आधी नाणे कोरडे तोला. मग काट्यावर पाण्याचे बीकर ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण ते तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटका. आता काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. आर्किमिडीजचा हा नियम तुम्ही नववीत पाठ केला आहे, तो इथे उपयोगी पडतो.

बारात अकरा भाग चांदी असलेल्या रुपयाची घनता सुमारे १०.३ येते, म्हणजे काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. तेवढ्याच वजनाचे जर्मन सिल्व्हरचे नाणे सुमारे १.३४ दाखवते. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल. त्यात चांदी नावापुरतीही नसते. घनता साडेनऊच्या जवळ आली तर वेगळी गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदी महागली, तेव्हा १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी घालू लागले, त्या मिश्रणाची घनता तेवढी येते. त्यावर १९३९ साल कोरलेले असेल, तर ते साल टांकसाळीने घातलेले नाही.

लोहचुंबकावर फार विसंबू नका. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरे, पण पितळ किंवा जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. उलट १९४७चा वाघाचे चित्र असलेला अस्सल रुपया चुंबकाला झटकन चिकटतो, कारण तो निकेलचा आहे. त्यापायी कोणी तो खोटा समजून फेकून देऊ नये.

सगळ्यात चलाख नक्कल ती, जिच्यात नाणे अस्सल चांदीचेच असते आणि फक्त साल बदललेले असते. १९३८चा रुपया तुलनेने सहज मिळतो. त्याच्या शेवटच्या ८चा ९ करतात. इथे पाण्याचा प्रयोग काहीच सांगणार नाही, भिंगच हवे. १९३९ मध्ये ९ दोनदा येतो, ही आपली सोय. दोन्ही अंकांची जाडी, उंची आणि झीज ताडून पाहा. शेवटच्या अंकाभोवतीचा पृष्ठभाग घासल्यासारखा गुळगुळीत दिसला, तर नाणे परत करा.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यावर ठशाचा प्रचंड दाब पडतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार येतात आणि कडेचे कंगोरे एकसारखे असतात. साच्यात ओतलेल्या नकलेत अक्षरे साबणावर कोरल्यासारखी बोथट दिसतात, बारीक छिद्रे दिसतात आणि कडेवर जोडाची रेघ किंवा ती लपवायला फिरवलेली कानस दिसते.

शिवकालीन होन किंवा शिवराई तपासताना मात्र हीच नजर फसवते. ती नाणी हातोड्याने पाडलेली आहेत. शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असते, पण ठसा सरकल्यामुळे अर्धी अक्षरे बाहेर गेलेली असणे अगदी स्वाभाविक आहे. पूर्ण गोल आणि सगळी अक्षरे मधोमध असलेला स्वस्तातला होन दिसला, तर मला शंका येते. त्याहून पक्की खूण म्हणजे जुळी नाणी. हाताने पाडलेली दोन नाणी एकाच जागी सरकलेली, एकाच जागी चिरलेली असू शकत नाहीत. तशी दिसली तर दोन्ही एका साच्यातून ओतलेली आहेत. आणि हो, बहुतेक शिवराया पुढच्या काळातल्या, पेशवाईतल्या आहेत. त्या खऱ्याच आहेत, पण 'महाराजांच्या हातची' म्हणून त्यांची किंमत दसपट लावणारा विक्रेता खोटा.

राहिली ती रामदरबाराचे चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली १८१८ची 'आणा' नाणी. ती तांदूळ ओढतात म्हणून लाखांत विकायला निघतात. कंपनीने असले नाणे कधीच पाडले नाही. त्यामुळे तिथे काटा, पाणी, भिंग काहीच काढावे लागत नाही.